ओठांपाशी थांबलेला चमचा

माझ्या पापणीवर म्हातारी येऊन बसली आणि नेमका तेव्हाच त्याने मला पत्ता विचारला.

म्हातारी म्हणजे ती – झाडावरून सुटून हवेत तरंगत जाणारी, रेशमी तंतूंची. लहानपणी आपण फुंकर मारून उडवायचो ती. इमारतीच्या दाराशी माझी चाकांची खुर्ची उभी करून वहिनी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली होती. नुकतीच एक सर येऊन गेलेली, रस्ता ओला, वारा मोकळा सुटलेला... आणि ही पांढरी बाई गिरक्या घेत आली ती थेट माझ्या उजव्या डोळ्यावर. मी डोळा मिचकावून पाहिला. खालचा ओठ पुढे काढून वर फुंकर मारून पाहिली. ढिम्म हलेना.

"अहो, जरा सांगता का..."

समोर कुणीतरी उभं होतं. हातात एवढं मोठं खोकं की त्याच्यावरून फक्त चष्मा दिसत होता.

"तळमजला, मागची बाजू. कुठून जायचं?"

"सांगते. पण आधी माझं एक काम करा. माझ्या डोळ्यावर म्हातारी बसलीये, तिला उठवा."

चष्मा खोक्यामागे गेला. पुन्हा वर आला. "कोण बसलंय?"

"म्हातारी हो! उडणारी. माझे हात माझं ऐकत नाहीत, नाहीतर तुम्हाला कशाला सांगितलं असतं?"

खरंच ऐकत नाहीत. एका आजाराने हातपाय माझ्याकडून काढून घेतले. उरला तो डाव्या हाताचा अंगठा, आणि जीभ. ती मात्र चौघांच्या वाटची चालते, असं दादाचं मत. म्हणून तर तो मला चिमणी म्हणतो.

त्याने खोकं खाली ठेवलं. किती जपून! झोपलेलं मूल गादीवर ठेवतात तसं. मग बोटं शर्टाला पुसली. त्याचा हात माझ्या चेहऱ्याकडे आला... आणि पापणीच्या अलीकडेच थांबला.

"काढू?" त्याने विचारलं.

मी बघतच राहिले. आजारी पडल्यापासून माझं नाक कुणीही पुसलं होतं, केस कुणीही मागे सारले होते. डॉक्टर, नर्स, मावशी, शेजारच्या काकू – सगळे मायेनेच, पण सगळे न विचारता. माझा चेहरा म्हणजे जणू चौकातला नळ, येणाऱ्याने यावं आणि हात लावावा. कुणाचाच हात असा उंबऱ्यापाशी थांबला नव्हता.

"काढा," मी म्हणाले. आवाज जरा बारीकच निघाला.

दोन बोटांत त्याने ती अलगद उचलली, तळहातावर घेतली आणि तळहात माझ्यासमोर धरला. "उडवायची तुम्ही की मी?"

मी फुंकर मारली. म्हातारी त्याच्या खांद्यावरून निघून गेली.

"आता सांगा, तळमजला, मागची बाजू."

"तिथे मीच राहते. खोक्यात काय आहे?"

"हात," तो म्हणाला.

*

हात म्हणजे अगदी हातच होता. खांदा, कोपर, मनगट, सगळं पांढऱ्या धातूचं, आणि टोकाला रबर लावलेली दोन बोटं. त्याला जेवणाच्या टेबलाच्या कडेला घट्ट बसवता बसवता त्या चष्मेवाल्या इंजिनियरची सकाळची दुपार झाली. तो गेल्यावर वहिनी टेबलाशी येऊन उभी राहिली, कमरेवर एक हात आणि वाढलेल्या पोटावर दुसरा.

"धूळ चालत नाही म्हणे. पाण्याचा थेंब चालत नाही. ऊन लागू द्यायचं नाही. आणि जेवायच्या वेळी मात्र टेबलावर हजर!" ती म्हणाली. "अगं, हा हात कसला? हे तर जावईबापू आलेत आमच्याकडे."

झालं. त्या दिवसापासून इंजिनियरच्या मागे घरात हाताला तेच नाव पडलं. जावईबापूंवरचा रुमाल काढा. जावईबापूंना धक्का लागेल, सांभाळ.

हसण्यावारी नेत होतो सगळे. पण माझं सगळं या हातावरच अडलं होतं.

वहिनीचे दिवस भरत आले होते. दादा बेकरीत, पहाटे भट्टी पेटवायला जातो तो अंगभर पीठ घेऊन परततो. मला भरवायचं वहिनीने, पाणी पाजायचं वहिनीने. मी गोष्टीची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. माझं तेवढंच एक काम, पण माझं स्वतःचं. भिंतींना जाड रजया टांगलेल्या छोट्या खोलीत मी वाचते आणि शेजारी बसून पानं उलटते तीही वहिनीच. बाळ आल्यावर तिने कुणाकुणाचं तोंड पुसायचं?

मावशी कधीची म्हणत होती, "चिमणीला माझ्याकडे पाठवा." मावशी लोण्यासारखी आहे हो. पण ती राहते दुसऱ्या गावात आणि तिच्या घराखाली आहे लाकूड कापायचा कारखाना. दिवसभर करवत. तिथे गोष्ट काय, साधी शिंकसुद्धा रेकॉर्ड करता यायची नाही.

हा हात इंजिनियरच्या कार्यशाळेने परीक्षेपुरता दिला होता. त्यांच्या मोठ्या मॅडम एक दिवस स्वतः येऊन बघणार. मी पूर्ण जेवण या हाताने नीट जेवले, तर हात इथेच राहणार. नाहीतर हात पुन्हा खोक्यात आणि मी मावशीकडे.

*

"हा शिकतो कसा?" मी विचारलं.

"तुम्ही अक्षरं शिकलात तसाच. हात धरून."

हिरवं बटण दाबलं की जावईबापू अंग सैल सोडायचे. मग इंजिनियर त्यांचं मनगट धरून वाटीपासून माझ्या तोंडापर्यंत सावकाश न्यायचा. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. आणि मग सोडून दिलं की ते तीच वाट आपली आपण गिरवायचे.

"जशीच्या तशी?"

"जशीच्या तशी. माझा हात थरथरला तर त्याचाही थरथरेल. मी शिंकलो तर..."

"शिंकू नका. वाटीत सूप आहे."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून खाली घसरतो, हे मी तेव्हाच बघून ठेवलं.

मला प्रश्न पडतच होते, पण त्याला माझ्याहून जास्त पडायचे. असे प्रश्न मला कुणी कधी विचारलेच नव्हते.

"एक सांगा... घास जवळ आला की माणूस आधी तोंड उघडतो, की आधी पुढे वाकतो?"

मी विचारात पडले. जन्मभर जेवतोय आपण, पण ठाऊक आहे का कुणाला? समोर वहिनी उकडलेला बटाटा खात बसली होती. आम्ही दोघं टक लावून तिच्याकडे बघू लागलो.

"काय आहे?" तिचा घास हवेतच राहिला. "असे काय बघताय माझ्याकडे?"

"खा ना वहिनी, खा! तू आधी वाकतेस बहुतेक."

"मी या घरात कुणापुढे वाकत नाही," वहिनी म्हणाली आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली.

मग तो माझ्याकडे वळला. "चमचा कुठून यायला हवा? डावीकडून की उजवीकडून?"

"समोरून."

"का?"

"बाजूने आला तर मला चमच्याकडे बघावं लागतं. समोरून आला तर... समोर कोण बसलंय ते दिसत राहतं."

त्याला अचानक खोकला आला. मग बराच वेळ तो एका स्क्रूशी खेळत होता. तो स्क्रू आधीच घट्ट बसलेला होता, मला दिसत होतं.

मटारच्या दिवशी तर गंमतच झाली. चमच्यातून मटार घरंगळून टेबलभर, आणि एक थेट त्याच्या शर्टाच्या खिशात. "हा मला दिला त्याने," तो गंभीरपणे म्हणाला आणि खिशातून काढून खाल्लासुद्धा! मी इतकी हसले की वहिनी आतून पळत आली.

आणि मी बोलायचे. किती बोलायचे! वाचत असलेल्या गोष्टीतल्या दीपगृहाबद्दल, वरच्या मजल्यावरच्या भांडखोर मांजराबद्दल, कशाहीबद्दल. चमचा ओठांपाशी यायचा, माझं वाक्य अर्धंच असायचं. मग तो जावईबापूंचं मनगट धरून तिथेच थांबायचा.

"संपवा तुमचं," म्हणायचा. "मी आहे थांबलेला."

*

एका सकाळी त्याचा फोन आला, वहिनीने उचलला. मी वाचनाच्या खोलीत होते, मला काहीच कळलं नाही. दुपारी तो आला तो चेहरा असा पाडून, जणू पिशवीपेक्षा खांदाच जड झालाय.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"नाही, काही नाही." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "तुमचे... मिस्टर आलेत ना?"

"कुणाचे मिस्टर?"

"तुमच्या वहिनी फोनवर म्हणाल्या. जावईबापू कालपासून चिमणीकडे टक लावून बसतात, जेवायचं विसरून."

मला हसू आवरेना. मी हनुवटीने टेबलाकडे खूण केली. "ते काय, बसलेत बघा. रुमाल पांघरून."

त्याचे कान लाल झाले. आणि चेहरा असा काही उजळला, की मला उगीचच खिडकीबाहेर बघावं लागलं.

पण वहिनीची तक्रार खरी होती. त्याने बघावं म्हणून मी अंगठ्याने माझ्या खुर्चीवरचं बटण दाबलं. जावईबापूंनी वाटीत चमचा बुडवला, निथळला, उचलला, माझ्या ओठांपर्यंत आणला – आणि थांबले. मी काही बोलत नव्हते, तरीही थांबले. मनगट जरासं कलतं करून, जणू माझ्या बोलण्याची वाट बघत. मग सावकाश पुढे आले.

इंजिनियर खाली वाकून मनगट बघू लागला. पुन्हा करायला लावलं त्याने. पुन्हा तेच.

"हे माझ्यामुळे झालंय," तो हळू आवाजात म्हणाला. "शिकवताना मी इथे थांबत होतो."

"का?"

"तुम्ही बोलत होतात."

"दरवेळी?"

"तुम्ही दरवेळी बोलता."

बाहेर पाऊस सुरू झाला होता. खिडकीच्या काचेवरून थेंब एकमेकांना गाठत खाली येत होते. आम्ही दोघंही तिकडेच बघत होतो.

"मग... चुकलं काय त्यात?" मी विचारलं.

"सूप गार होतं. जेवण लांबतं. आणि मोठ्या मॅडमना वाटेल हात अडकतोय. त्या परत पाठवतील." तो थांबला. "पुन्हा शिकवतो. सरळ. मध्ये कुठेही न थांबता. फक्त एक विनंती आहे, शिकवत असताना तुम्ही बोलू नका."

दादा नुकताच आला होता, दारात उभा राहून केसांतलं पीठ झटकत होता. "हे जमवलंत ना," तो म्हणाला, "तर मी स्वतः तुमचा सत्कार करीन."

जमलं. मी ओठ मिटून बसले. तो माझ्याकडे न बघता चमच्याकडे बघत राहिला. वाटीतून तोंडापर्यंत, वाटीतून तोंडापर्यंत. घर इतकं शांत होतं की जावईबापूंच्या कोपरातली घरघर ऐकू येत होती.

"झालं," तो म्हणाला.

"आणि जुनं? पुसलं?"

त्याने पिशवीची चेन ओढली. ती आधीच लावलेली होती.

संध्याकाळी मी एकटी जेवले. चमचा वेळेवर आला, वेळेवर गेला. सूप शेवटपर्यंत गरम होतं. इतकं बेचव गरम सूप मी आयुष्यात प्यायले नव्हते.

*

मोठ्या मॅडम नावाला मोठ्या. उंचीने वहिनीच्या खांद्याला लागतील. पांढरा कडक शर्ट, आखूड केस, आणि नजर अशी की भिंतीवरचा खिळासुद्धा सरळ व्हावा. त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. दादा पाठीशी उभा. वहिनी भिंतीला टेकलेली. इंजिनियर टेबलाच्या टोकाला, हात थांबवायच्या तांबड्या बटणाजवळ.

पहिला चमचा आला. गेला. दुसरा आला, गेला. दादाने माझ्या पाठीमागे श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "चोख काम आहे. बरं, तुम्ही गोष्टी वाचता ना? सध्या काय वाचताय?"

आता हा प्रश्न मला विचारायचा म्हणजे...

"सध्या ना, एका दीपगृहाची गोष्ट! तिथे एक म्हातारा दिवेवाला असतो आणि त्याची—"

चमचा आला. त्याच्या वेळेवर आला. माझ्या दातांवर खणकन आपटला आणि सूप हनुवटीवरून गळ्यावर आणि गळ्यावरून मॅडमच्या पांढऱ्या बाहीवर. इंजिनियरने तांबडं बटण दाबलं. हात जागीच गोठला.

मला मावशीच्या घराखालची करवत ऐकू यायला लागली.

मॅडमनी रुमालाने बाही टिपली. "जेवताना बोलायचं नाही, हे यांना सांगितलं नव्हतं?" त्या इंजिनियरला म्हणाल्या.

"चूक माझी आहे," मी घाईने म्हणाले. "मीच गप्प बसायला हवं होतं. आता नाही बोलणार, खरंच."

"नाही." तो म्हणाला. इतक्या ठामपणे तो बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. "त्यांची चूक नाही मॅडम. जेवताना माणसं बोलतात. त्यांना गप्प बसवणारा हात घरात ठेवायचा कशाला? मी घाईची वाट शिकवली, माझं चुकलं. याच्या आधीची एक वाट आहे."

"कुठे आहे?"

"आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "ती मी पुसली नाही."

वहिनीने माझा गळा पुसला. इंजिनियरने छोट्या पडद्यावर काहीतरी बोटाने सरकवलं, आणि जावईबापू पुन्हा हलले. वाटी, चमचा, निथळणं. सावकाश वर. माझ्या ओठांपाशी. आणि... थांबले.

"हा का थांबला?" मॅडमनी विचारलं.

"माझं बोलणं राहिलंय ना," मी म्हणाले. "तर तो दिवेवाला असतो आणि त्याची एक आंधळी मांजर असते. तिला दिवा दिसत नाही, पण दिवा लागला की बरोबर तिथे येऊन बसते. ऊब लागते म्हणून."

माझं वाक्य संपलं. हात पुढे झाला. मी घास घेतला.

मॅडम हाताकडे बघतच नव्हत्या. त्या इंजिनियरकडे बघत होत्या. "हे मुद्दाम शिकवलंस?"

"नाही."

"मग चुकून?"

"...तसंही नाही."

"हं." त्यांनी ओली बाही दुमडली. "पण हा नेमून दिल्याएवढाच थांबतो. यांची गोष्ट लांबली तर?"

"लांबतेच," दादा आणि वहिनी एका सुरात म्हणाले.

"मग नेमून देऊच नका. यांच्या अंगठ्याखाली बटण आहे ना? ओठांपाशी आला की थांबू दे. त्यांनी बटण दाबलं की पुढे. तोवर हू की चू करायचं नाही." त्या उठल्या. "हात इथेच राहू दे."

वहिनी मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. दादाने तिला पाणी दिलं आणि स्वतःच पिऊन टाकलं.

*

दुसऱ्या दिवशी येऊन इंजिनियरने अंगठ्याचं बटण नीट केलं. मग अवजारं एकेक करून पिशवीत भरली. इतकी हळू भरली, जणू प्रत्येकाचा निरोप घेत होता.

"काही अडलं तर फोन करा," तो म्हणाला.

"आणि नाही अडलं तर?"

"तर... चांगला शिकलाय म्हणायचं."

दाराच्या कडीवर हात ठेवून तो थांबला. त्याचं ते थांबणं! मी तोंड उघडलं. दीपगृह, मांजर, मटार, कशाबद्दलही मी बोलू शकले असते. पण चौघांच्या वाटची चालणारी माझी जीभ नेमकी तेव्हाच टाळूला चिकटून बसली.

तो गेला.

मग बाळ आलं. मुलगी. एवढीशी मूठ, आणि त्या मुठीत एवढीशी नखं, कागदासारखी. वहिनी तिला माझ्या मांडीवर ठेवायची आणि ती माझा अंगठा पकडायची – नेमका तोच, माझं ऐकणारा. घराला दुधाचा आणि धुतलेल्या दुपट्यांचा वास आला. वहिनी झोपेत चालत होती, पण माझं जेवण अडलं नाही. जावईबापू भरवत होते, पाणी पाजत होते. रजयांच्या खोलीत त्यांना नेऊन बसवलं की इंजिनियरने शिकवून ठेवल्याप्रमाणे पानंही उलटत होते.

काहीच अडत नव्हतं. तीच तर अडचण होती.

दर घासाला चमचा ओठांपाशी थांबायचा. आणि दर वेळी त्या थांबण्यात कुणीतरी असायचं... संपवा तुमचं, मी आहे थांबलेला.

"फोन कर की," वहिनी म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर ढेकर द्यायचं नाकारत होतं.

"काय सांगू? बिघडलेलं काहीच नाही."

"हाताचं नसेल बिघडलं. तुझं बिघडलंय. किती दिवस झाले, वरच्या मांजराबद्दल अवाक्षर नाही."

मी रुमालाखालच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "वहिनी, जावईबापूंना एक नवीन वाट शिकवशील? तू मनगट धर. मी सांगते."

बाळ झोपल्यावर आम्ही सुरुवात केली. समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसायला हवं होतं, म्हणून दादाला बसवला.

"मला कशाला?"

"तोंड उघड आणि प्रश्न विचारू नकोस," वहिनी म्हणाली.

"अजून थोडं वर," मी म्हणाले. "वर गं. त्याची मान उंच आहे."

"माझी?" दादाने विचारलं.

"तुझी नव्हे रे," वहिनी म्हणाली, आणि ते दोघं एकमेकांकडे बघून असे हसले की मला कानांपर्यंत गरम झालं.

*

"हात थांबतो," मी फोनवर तक्रार केली.

"तो थांबायलाच शिकवलाय."

"हो. पण जरा जास्तच."

तासाभरात तो दारात हजर. केस भिजलेले, चष्म्यावर थेंब, धाप लागलेली. वहिनीच्या कडेवर बाळ बघून त्याने एक बोट पुढे केलं आणि बाळाच्या गालाच्या अलीकडे थांबवलं.

"लावू का?" त्याने विचारलं. बाळाला!

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग बाळाला घेऊन आत निघून गेली. जाताना तिने दादालाही बाहीला धरून ओढून नेलं.

"दाखवा, काय होतंय?" तो पिशवी उघडू लागला.

"पिशवी राहू द्या. समोर बसा."

तो बसला. टेबलावर सुपाची वाटी तयार होती. मी अंगठा दाबला. जावईबापूंनी चमचा बुडवला, निथळला, उचलला. आणि वळले... पण माझ्याकडे नाही.

"अरे! हा चुकला. हा इकडे..." तो मागे सरकला. चमचा त्याच्या ओठांपाशी येऊन थांबला.

"चुकला नाही. मी शिकवलाय. वहिनीच्या हाताने आणि दादाच्या तोंडाने."

तो बघत राहिला. चमच्याकडे, मग माझ्याकडे.

"आजारी पडल्यापासून मला सगळ्यांनी भरवलं," मी म्हणाले. "मला कधी कुणाला एक घास देता आला नाही. हा पहिला."

त्याने हळूच तोंड उघडलं. चमचा हलला नाही.

"पुढे येत नाहीये," तो म्हणाला.

"मी बटण दाबलेलं नाही. तुमचं बोलणं संपलं की दाबेन."

"पण मी तर काही बोलतच नाहीये."

"तीच तर तक्रार आहे! त्या दिवशी दाराशी थांबलात आणि काही न बोलता गेलात. हात थांबतो आणि शिकवणारा निघून जातो. हे काय शिकवणं झालं?"

त्याने चष्मा काढला. शर्टाला पुसला. शर्टच ओला, त्यामुळे चष्मा आणखी ओला झाला. तो तसाच हातात धरून बसला.

"सूप गार होईल," तो म्हणाला.

"होऊ दे."

"मी तुमच्या गोष्टी ऐकतो. कामावर जाताना, बसमध्ये. पान संपलं की तुम्ही जरा थांबता ना, हात पान उलटेपर्यंत... तेवढ्यात मला दरवेळी वाटतं, आता या मला काहीतरी विचारणार." त्याने श्वास घेतला. "मी तिथे उतरायचं विसरतो. दोनदा शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो."

"मग?"

"मग काय... मला रोज या खुर्चीत बसायचंय. शिकवायला नाही, दुरुस्त करायला नाही. नुसतं. तुम्ही बोलायचं, मी थांबायचं. सूप गार झालं तर पुन्हा गरम करीन. मला तुम्ही आवडता. म्हातारी उठवायला सांगितलीत ना, त्या दिवसापासून."

माझ्या गालावरून काहीतरी ओघळत होतं. हनुवटीपर्यंत आलं आणि तिथे लोंबकळत राहिलं. त्याने पाहिलं. त्याचा हात टेबलावरून माझ्याकडे आला, गालाच्या अलीकडे थांबला.

"पुसू?"

"विचारलंस म्हणून, हो," मी म्हणाले. "आणि दरवेळी विचारायचंस. उद्या, परवा, म्हातारे झालो तरी."

"विचारीन," तो म्हणाला.

त्याची बोटं गार होती, पावसाने.

"संपलं तुझं बोलणं?" मी विचारलं.

"आजचं संपलं."

मी अंगठा दाबला. चमचा पुढे झाला. आणि मला जे कधीपासून जाणून घ्यायचं होतं ते मी नीट डोळे भरून बघितलं: त्याने आधी तोंड उघडलं नाही. तो आधी वाकला.

आतून वहिनीचा आवाज आला. "चिमणे, जावईबापू काय म्हणतायत गं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तोच तोंडातला घास गिळून म्हणाला, "सूप गार आहे. पण चालेल."